फक्कीचं रिंगण

भूकंपानंतरच्या दिवाळीला लागून आलेल्या सोमवारी श्रीनाथने मोजलं, तेव्हा लातूरच्या प्रज्ञा क्लासेसच्या अंगणात पुढील गोष्टी होत्या. बाकं एकेचाळीस, पैकी तीन विटांवर उभी. फळे दोन, एक कडुलिंबाला दोरीनं बांधलेला, दुसरा हापशाला टेकवलेला. गल्लीतलं कुणी पाणी भरायला आलं की तेवढा वेळ केमिस्ट्री थांबायची. टेबलं चार. टाइपरायटर एक. नोट्सच्या प्रती काढायचं सायक्लोस्टाइल मशीन एक. तीस बाय वीस फुटांची ताडपत्री एक, तिला भोकं सात. विद्यार्थी एकशे अठरा, शिक्षक दोन, टायपिस्ट एक. आणि इमारतीच्या आत, तिन्ही खोल्या मिळून, फक्त एक वस्तू: टेलिफोन.

हे मोजायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. श्रीनाथ फिजिक्सचा बी.एस्सी. होता, क्लासमध्ये तेच शिकवायचा, आणि मन ठिकाणावर नसलं की तो दिसेल ते मोजायला लागायचा. मन ठिकाणावर नव्हतं, कारण ते नांदेडला होतं. त्याची बायको मुग्धा भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी माहेरी गेली त्याला आता चव्वेचाळीस दिवस झाले होते. जाताना तिनं एकच सांगितलं होतं, की छताखाली श्वास घेता येईल त्या दिवशी मी येईन. त्यावर श्रीनाथने तिला बसस्टँडवर, एस.टी. सुटेपर्यंत, भूकंपाच्या उत्तरधक्क्यांची संख्या दिवसागणिक कशी घटत जाते ते समजावून सांगितलं. खिडकीतून ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला दुसरंच काही ऐकायचं असावं असं त्याला बस वळल्यावर वाटलं. पण आलेखाशिवाय आणखी काय सांगायचं, ते त्याला सुचलं नव्हतं.

क्लासची इमारत माळवदाची होती. म्हणजे खाली दगडी भिंती, वर लाकडी दांड्या आणि त्यांवर हातभर मातीचं छत. असली छतं कुठं कुठं कशी खाली आली ते जिल्ह्यात सगळ्यांना माहीत होतं. सरकारी इंजिनियर येऊन भिंती ठोकून गेले होते आणि 'वापरास हरकत नाही' असा कागद देऊन गेले होते. क्लासचे मालक बापूसाहेब यांनी तो कागद फ्रेम करून घेतला आणि बाहेर, कडुलिंबाला टांगला.

राहता राहिला फोन. त्याची वायर मागच्या गल्लीतून येऊन तिसऱ्या खोलीत संपत होती. ती अंगणापर्यंत वाढवून मिळावी म्हणून बापूसाहेबांनी ऑक्टोबरातच अर्ज केला. अर्जात 'कारण' असा रकाना होता. बापूसाहेब गणिताचे शिक्षक, सरळ माणूस. त्यांनी लिहिलं, 'भीती'. हे कारण बसत नाही म्हणून अर्ज परत आला. मग त्यांनी 'वाढता व्यवसाय' असं लिहिलं. तेव्हा व्यवसाय वाढल्याचा पुरावा जोडा, असा शेरा पडला. आता फोन उचलला तर व्यवसाय वाढणार, आणि व्यवसाय वाढला तर फोन उचलता येणार. बापूसाहेबांनी हे समीकरण फळ्यावर मांडून पाहिलं आणि पुसून टाकलं.

फोन मात्र वाजायचा. लातूरच्या निकालांचा तेव्हा सगळ्या मराठवाड्यात गवगवा होता. भोकर, देगलूर, कुठून कुठून पालक चौकशी करायचे. पुढच्या चौकातल्या नव्या क्लासवाल्यानं पत्र्याच्या शेडमध्येच फोन घेतला होता आणि तो म्हणे पहिल्या घंटीला उचलायचा. मग प्रज्ञा क्लासेसमध्ये कुणी आत पळायचं यावर बैठक झाली. बापूसाहेब म्हणाले की वयानं लहान माणूस जास्त वेगानं पळतो. टायपिस्ट वहिदाबाई म्हणाल्या की माझी दोन लेकरं हायेत, आणि श्रीनाथसरच तर रोज सांगतात की आता धोका कमी झालाय. अशा रीतीनं श्रीनाथचं विज्ञान त्याच्याच गळ्यात पडलं.

तो पळायचा. पण पूर्ण आत नाही. एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवायचा, अंग आत ताणायचं, रिसीव्हर ओढून घ्यायचा आणि चौकटीखाली वाकून बोलायचं. या आसनात आवाज बारीक निघत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी साडेचार वाजता मुग्धाचा फोन यायचा, तिच्या माहेराशेजारच्या मुज्तबा हकीमांच्या घरून. त्या वेळी अंगणात बारावीची बॅच असायची. श्रीनाथने ओरडून "जेवलीस का?" असं विचारलं की मागच्या बाकावरून "जेवलो सर" असं उत्तर यायचं.

पण हे हसू बाहेरच्यांचं. श्रीनाथला त्या फोनवर मुग्धाला बरंच काही सांगायचं असायचं. दोन खोल्यांच्या त्यांच्या घरात तिची वेणीफणीची पेटी जिथं होती तिथंच आहे, तिनं लावलेली तुळस जगली आहे, आणि संध्याकाळी सहा वाजले की नक्की काय करायचं असतं हे त्याला कळेनासं झालं आहे. यातलं काहीच ओरडून सांगण्याजोगं नव्हतं. ओरडून फक्त एवढंच सांगता यायचं की घर चांगलं आहे, छत मी स्वतः तपासलंय, मी आतच झोपतो, तू ये.

यातलं 'मी आतच झोपतो' हे खोटं होतं. तो गेले चव्वेचाळीस दिवस क्लासच्या अंगणात, हापशाजवळ, बाजेवर झोपत होता.

उपाय निघाला तो त्याच सोमवारी, अंगणाला लागून असलेल्या सलीमच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून. सलीमचा मावसभाऊ यासेर दुबईला होता. सुट्टीवर येताना त्यानं एक बिनवायरचा फोन आणला होता आणि इथं घरी फोनची लाइनच नाही हे त्याला आल्यावर आठवलं. तो डबा सलीमकडं पडून होता.

"सर, आतल्या फोनच्या जागी हा ठोकळा ठेवायचा," सलीमनं सांगितलं. "अन् हा तुकडा घेऊन कुठं बी फिरा. वायर न्हाई, काही न्हाई. डब्यावर तीनशे मीटर लिवलंय."

ठोकळा बसवायला आत कोण गेलं, तर सलीम. बिस्मिल्ला म्हणून गेला आणि कपाळाला माती लावून परत आला. श्रीनाथने हातातला तुकडा कानाला लावला. अंगणाच्या मध्यभागी उभं राहून, डोक्यावर फक्त आभाळ असताना, त्यानं डायल टोन ऐकला. आयुष्यात इतका गोड आवाज त्यानं याआधी एकदाच ऐकला होता, पण ती बाई नांदेडला होती.

तीनशे मीटर हे काही खरं नव्हतं. डब्यावर जे लिहिलेलं असतं ते तपासल्याशिवाय वापरायचं नाही अशी श्रीनाथला शिस्त होती. त्यानं चाळीस मीटरची टेप आणली. सलीमला आतल्या दाराशी उभं केलं, वहिदाबाईंना आकडे लिहून घ्यायला बसवलं. मग कानाला फोन लावून, अँटेना वर करून, तो एकेका दिशेला पाऊल पाऊल जाऊ लागला. आवाज तुटला की थांबायचं, मागं यायचं, पुन्हा पुढं जायचं, आणि नेमक्या जागी खेळाच्या मैदानावर आखतात त्या पांढऱ्या फक्कीची चिमूट टाकायची. हापशाच्या दिशेनं छप्पन्न फूट निघाले. कडुलिंबाच्या दिशेनं एकाहत्तर. गल्लीच्या बाजूनं अडतीस. असे सोळा बिंदू मिळाले. ते जोडल्यावर जो आकार झाला तो वर्तुळाचा नव्हता, वांग्याचा होता. श्रीनाथने रेघ नीट गडद केली, म्हणजे फोनवर बोलताना चुकून कुणी बाहेर जाणार नाही. प्रयोग पूर्ण झाला होता. त्याला महिन्याभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

गल्लीनं मात्र वेगळंच पाहिलं होतं. तिनं पाहिलं की बी.एस्सी. झालेला मास्तर कानाला यंत्र लावून, जमिनीकडं बघत, दर पावलाला थांबत, चेहरा गंभीर करत चालतो आहे आणि पांढरी रेघ ओढतो आहे. दीड महिना प्रत्येक वर्तमानपत्रात जिल्ह्याचा नकाशा येत होता, आणि प्रत्येक नकाशात मध्ये एक टिंब आणि भोवती एकात एक रिंगणं असायची. त्या दिवसांत लातुरात कुठंही रिंगण दिसलं की ते भूकंपाचंच असायचं.

समोर राहणारे शेषेराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. फक्की पडली म्हणजे सर्व्हे झाला, हे त्यांना अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. त्यांनी विचारायला येण्याची गरजही मानली नाही. संध्याकाळी चहाच्या वेळेला त्यांनी गल्लीत जाहीर केलं की मास्तरनं जमिनीचा आवाज तपासून मजबूत पट्टा काढला आहे, आणि पुढचा धक्का बसला तरी रेघेच्या आत काही होणार नाही.

अंधार पडायच्या आत रिंगणात चौदा बाजा आल्या.

श्रीनाथने समजावलं. तो लहरींबद्दल बोलला, हवेतून जाणाऱ्या विद्युत्-चुंबकीय लहरींबद्दल, आणि नीट कळावं म्हणून त्यानं काडीनं मातीत एकात एक वर्तुळं काढून दाखवली. लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. एवढा पुरावा पुरेसा होता. मंगळवारी सकाळी बाजांची संख्या तेवीस झाली. आता बाजांबरोबर लोखंडी पलंग येऊ लागले, पलंगांमागून ट्रंका, ट्रंकांमागून पत्रे. एका कुटुंबानं गोदरेजचं कपाट चौघांनी उचलून आणून कडुलिंबाखाली ठेवलं आणि त्यावर देव मांडले.

बापूसाहेबांना आधी बरं वाटलं, कारण गल्लीत क्लासचं वजन वाढलं होतं. पण बारावीची बॅच बसवायला जागा राहिली नाही. मुलं पलंगांवर बसून इंटिग्रेशन शिकली. एक आजारी गृहस्थ त्यांच्यामध्ये पडूनच होते. चौथ्या दिवशी त्यांनी एका विद्यार्थ्याची चिन्हाची चूक काढली.

मंगळवारी साडेचारला मुग्धाचा फोन आला तेव्हा श्रीनाथ तुकडा घेऊन कडुलिंबाकडं गेला. एकाहत्तर फुटांची ती एकच दिशा अशी होती की जिथं बोललेलं इतरांना ऐकू गेलं नसतं. तिथं तिचा आवाज अगदी बारीक व्हायचा, पण तुटायचा नाही. त्याची कल्पना अशी होती की रेघेच्या अर्धा फूट अलीकडं उभं राहायचं आणि हळू आवाजात बोलायचं. पेटी, तुळस, संध्याकाळचे सहा, सगळं.

एकतिसाव्या फुटाला आवाज गेला. तो दोन पावलं मागं आला. आवाज परत आला.

"काय म्हणालात?" मुग्धानं विचारलं.

तो म्हणाला की काही नाही, जेवलीस का. शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी मान डोलावली आणि चांगला नवरा असल्याबद्दल त्याला पावती दिली.

सलीमनं कारण सांगितलं. लोखंड आवाज खातं. जेवढे पलंग, जेवढी कपाटं, तेवढी फोनची ताकद कमी. श्रीनाथने नव्यानं मोजणी केली. हापशाकडं छप्पन्नाचे चोवीस झाले होते, कडुलिंबाकडं एकाहत्तरचे तीस. आता खरी रेघ आतली होती. पण ती फक्कीनं आखायला त्यानं नुसती चिमूट घेतली तर तीन बायका रडायला लागल्या. मजबूत पट्टा आकसत चालला आहे, असं त्यांना वाटलं. त्यानं फक्की परत डब्यात टाकली.

बाहेर राहिलेल्यांचं दुःख निराळं होतं. वांग्याचा फुगीर भाग सलीमच्या दुकानाकडं होता आणि देठ शेषेरावांच्या घराकडं. रेघ त्यांच्या ओट्यापासून बरोबर दोन फूट अलीकडं वळत होती. आधी ते गोडीनं बोलले. "मास्तर, तेवढी रेघ हिकडं सरकवा ना. दोन फुटानं तुमच्या सायन्सचं काय जाऊन राहिलंय?" श्रीनाथ म्हणाला की रेघ सरकवून काही होत नाही, निसर्गाचा नियम आहे. त्यावर शेषेराव म्हणाले की पाटबंधारे खात्यात त्यांनी याहून मोठे नियम याहून जास्त सरकवलेले पाहिले आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी रेघेला त्यांच्या ओट्याच्या बाजूनं एक नवं पोट आलेलं होतं. फक्की ओली होती. शेषेराव त्या पोटात खुर्ची टाकून पेपर वाचत होते.

त्यावरून दुसऱ्या टोकाच्या लोकांनी तक्रार केली. गुरुवारी सरकारी कचेरीतून एक अव्वल कारकून आले. सुरक्षित क्षेत्र घोषित करण्याचा अधिकार आपणांस कोणत्या आदेशान्वये मिळाला, असा त्यांचा प्रश्न होता. श्रीनाथने जबाब लिहून दिला की हे क्षेत्र सुरक्षित नाही. कारकुनांनी तो वाचला आणि म्हणाले की मग असुरक्षित क्षेत्रात एवढी माणसं जमवली, हा तर आणखी मोठा मुद्दा आहे. त्यानं दुसरा जबाब लिहिला की क्षेत्र सुरक्षितही नाही आणि असुरक्षितही नाही, ते फोनचं आहे. यासाठी नमुना नव्हता. चहा आला. चहा पिताना कारकुनांनी आपली खुर्ची उचलून रेघेच्या आत घेतली, आणि ती अजिबात मुद्दाम घेतलेली नाही असा चेहरा ठेवला.

जबाबात 'फोनचं' हा शब्द होता. म्हणून त्याची एक प्रत फोनच्या कचेरीकडं गेली. पण त्याआधी शुक्रवार आला.

साडेचार वाजले. श्रीनाथ आता इमारतीच्या भिंतीपासून वीस फुटांवर, एक पलंग आणि सायक्लोस्टाइल मशीन यांच्यामधल्या मोकळ्या जागेत उभा होता. त्यानं ठरवलं होतं की लोक ऐकू देत. मुग्धानं विचारलं की घर कसं आहे. तो म्हणाला की उत्तम आहे. तिनं विचारलं की तुम्ही खरंच आत झोपता का. तो म्हणाला की रोज, गाढ, आणि आत्ताही मी आतूनच बोलतोय.

त्याच वेळी रिंगणात गिऱ्हाईक जमल्याची खबर लागलेला एक केळीवाला हातगाडी घेऊन आत शिरला होता. तो श्रीनाथच्या खांद्याशी येऊन थांबला आणि म्हणाला, "मास्तर, अर्धापूरची हायेत. डझन देऊ का दोन?"

नांदेडला हे स्वच्छ ऐकू गेलं.

"हातगाडी आत आली का?" मुग्धानं विचारलं. तिचा आवाज चिडलेला नव्हता. तेच वाईट होतं.

श्रीनाथने हातानं केळीवाल्याला दूर जा अशी खूण केली. त्यानं तिचा अर्थ एक डझन असा घेतला.

"मुग्धा, असं आहे की फोन नवीन आहे, बिनवायरचा…"

"फोन बाहेर आणलात म्हणजे तुम्ही आत जात नाही."

"ही सोय आहे. ऑफिसच्या दृष्टीनं…"

"अहो, मी पन्नास दिवस इथं सगळ्यांच्या तोंडून ऐकतेय. जावई बघा, सायन्स शिकलेत, भीत नाहीत, बिनधास्त आत झोपतात. अन् ही बघा. बाबा म्हणतात, आई म्हणते, हकीमसाहेबांची उमैमापण म्हणते. मी रोज जेवायला ताट घेऊन अंगणात येते आणि मला वाटतं माझंच काहीतरी बिघडलंय. छत कसं आहे ते मी विचारतच नव्हते. तुम्ही भिता का, एवढंच विचारत होते."

बारावीच्या बॅचनं वह्या मिटल्या होत्या. वहिदाबाईंचा टाइपरायटर थांबला होता. आजारी गृहस्थ उठून बसले होते. श्रीनाथने एकदा सगळ्यांकडं पाहिलं आणि फोन तोंडाशी घट्ट धरला.

"भितो," तो म्हणाला. "खूप भितो. उंबऱ्यात पाय ठेवला की छाती दुखते. घरी जाऊन तुळशीला पाणी घालतो आणि पळत बाहेर येतो. तुझी पेटी मी दारातूनच बघतो."

एवढं बोलून तो ऐकू लागला. फोनमध्ये काहीच नव्हतं. त्यानं वळून पाहिलं तेव्हा दोन माणसं एक लोखंडी कपाट त्याच्या आणि भिंतीच्या मधून नेत होती. ती जराशी थांबून घाम पुसत होती. आवाज 'भितो'च्या आधी तुटला की 'पेटी'नंतर, हे ठरवायला कुठलीही पद्धत नव्हती.

तो पुढं सरकला, मागं आला, अँटेना फिरवली. मग त्यानं हकीमांचा नंबर फिरवला. लाइन लागली नाही. वहिदाबाई उठून त्याच्याजवळ आल्या. एवढ्या दिवसांत त्या त्याला टोमण्याशिवाय काही बोलल्या नव्हत्या. "सर," त्या हळू म्हणाल्या, "आमच्या घरात बी कुणी आत झोपत न्हाई. मी रोज हितं येऊन तुम्हाला पळवत होते, ते मला जायला नको म्हणून." आणि केळ्यांच्या डझनातलं एक केळं घेऊन टाइपरायटरकडं परत गेल्या.

शनिवारी फोनच्या कचेरीतला माणूस आला. हे यंत्र मान्यताप्राप्त यादीत नाही, तपासणीसाठी जमा करावं लागेल, असं सांगून त्यानं ठोकळा आणि तुकडा दोन्ही नेले आणि जुना काळा फोन पुन्हा जागच्या जागी जोडून दिला. सलीमनं त्याला विचारलं की तपासणी किती दिवस चालते. तो म्हणाला की अजून कुठली पूर्ण झालेली नाही.

रविवारी फक्की वाऱ्यानं अर्धी गेली. सोमवारी श्रीनाथने उरलेली खराट्यानं झाडली. बाजा मात्र हलल्या नाहीत. रेघ नसताना त्या कुठंही ठेवता येतात हे लोकांच्या हळूहळू लक्षात येत होतं. शेषेरावांनी आपली खुर्ची उचलून अंगणाच्या बरोबर मध्यभागी आणली.

मंगळवारी दुपारी चारपासून श्रीनाथ दारासमोर उभा होता. फोन आता आत वाजणार होता. चौकटीत वाकून, एक पाय बाहेर ठेवून, तिच्याशी बोलायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. आत जायचं आणि तिला सांगायचं की मी आत आहे आणि भितोय. वाक्य त्यानं पाठ केलं होतं. बापूसाहेबांनी त्या दिवशी बॅच दुसऱ्या फळ्याकडं, हापशापाशी नेली आणि गल्लीतल्या बायकांना पाणी थोडं उशिरा भरा म्हणून स्वतः जाऊन सांगितलं.

साडेचार वाजले. फोन वाजला नाही. चार पस्तीस. चार चाळीस. त्याला शुक्रवारचं कपाट आठवलं. तिनं ऐकलं नसेल तर ती रागावली असणार. ऐकलं असेल तर अशा नवऱ्याकडं कशाला यायचं, असंही तिला वाटलं असेल. दोन्ही शक्यतांमध्ये फोन येत नव्हता. म्हणजे निरीक्षणावरून काहीच सिद्ध होत नव्हतं.

चार सेहेचाळीसला गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबला. मुग्धा उतरली. तिच्या हातात पिशवी होती आणि चेहऱ्यावर साडेचार तासांच्या एस.टी.ची धूळ होती. ती पलंगांमधून वाट काढत आली. बायका तिला जागा देत होत्या. ती त्याच्यासमोर येऊन थांबली.

"बस लेट झाली," ती म्हणाली. "साडेचारच्या आत पोचायचं होतं. तुम्ही फोनची वाट बघत उभे राहाल म्हणून."

"ऐकू आलं होतं?"

"सगळं आलं. तुम्हीच मधेच गप्प झालात. मी किती वेळ हॅलो हॅलो करत होते."

श्रीनाथला काय करावं ते सुचेना म्हणून त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली. मग ती परत दिली. मग पुन्हा घेतली.

"बाबांना पोचल्याचं कळवायला पाहिजे," मुग्धा म्हणाली. "ते हकीमसाहेबांच्या दारात उभे असतील. मी सांगितलंय, पोचल्या पोचल्या फोन करते. इथून पुढच्या चौकात बूथ आहे ना?"

"आहे," श्रीनाथ म्हणाला.

दोघांनी उघड्या दाराकडं पाहिलं. आत अंधार होता, आणि तिसऱ्या खोलीच्या खिडकीतून येणारा थोडा उजेड. मुग्धानं चपला काढल्या. गेल्या दोन महिन्यांत त्या दाराशी कुणी चपला काढल्या नव्हत्या. आत जाणारा पळता यावं म्हणून पायांत ठेवूनच जायचा. श्रीनाथनेही काढल्या. पिशवी वहिदाबाईंनी धरली. आत जाताना त्यानं सवयीनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं: चार एक्कावन्न.

पहिली खोली. दुसरी. तिसऱ्या खोलीत त्यानं नंबर फिरवला आणि रिसीव्हर तिच्याकडं दिला. हकीमांच्या घरी उमैमानं उचलला. बाबा मघापर्यंत इथंच होते, आत्ताच मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत येरझारा घालत गेले, मी बोलावून आणते, तुम्ही धरून ठेवा, असं ती म्हणाली आणि रिसीव्हर टेबलावर ठेवून गेली.

मुग्धानं धरून ठेवला. छतातून थोडी माती पडली, टेबलावर. दोघांनी तिच्याकडं पाहिलं.

"तुमचा हात ओला झालाय," ती म्हणाली.

"तुझापण."

"धक्का आहे का हा?"

"नाही. वर कबुतरं आहेत."

"हे शास्त्र आहे की धीर देताय?"

श्रीनाथने विचार केला. "धीर देतोय," तो म्हणाला. "पण कबुतरं खरंच आहेत."

ती हसली. मग रिसीव्हरमध्ये पावलं वाजली, धाप लागलेला आवाज आला. "हो बाबा, पोचले," मुग्धा म्हणाली. "नाही, बूथवरून नाही. क्लासमधून. हो, आतून… हो, हेपण आहेत." पलीकडून बरंच काही विचारलं गेलं असावं, कारण ती नुसती हं, हं करत राहिली. एकदा तिनं वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. आईला फोन द्या म्हणाली, आईशीही बोलली. मग तिनं रिसीव्हर जागेवर ठेवला.

ते दोघं चालत बाहेर आले. चपला घालताना श्रीनाथने घड्याळ पाहिलं. आत गेल्यापासून नऊ मिनिटं चाळीस सेकंद झाले होते.